उत्तरकार्य होईपर्यंत सही नको!

घरातला कर्ता माणूस गेला की पहिल्या दहा-बारा दिवसांत घरात तीन गोष्टी हमखास येतात. शेजारणींनी पाठवलेली भाकरी-आमटी, समाचाराला येणारे पाहुणे आणि कागद. पहिल्या दोन गोष्टींनी धीर येतो. तिसऱ्या गोष्टीने मात्र पुष्कळदा बाईचे पुढचे सगळे आयुष्य ठरून जाते, आणि तेही अशा वेळी की तिला दिवस कुठला नि रात्र कुठली याची शुद्ध नसते. "वहिनी, हितं तेवढी एक सही करा. तलाठ्याकडं द्यायचंय, बाकी काय न्हाई," असे घरचेच कोणीतरी म्हणते. वहिनी सही करतात. कागद कशाचा होता, हे कळायला कधीकधी चार-पाच वर्षे जातात.

दर वेळी यात कपट असते असे मुळीच नाही. कित्येकदा सही मागणाऱ्यालाही कागदाचा पुरता अर्थ ठाऊक नसतो. पण सही एकदा झाली, की मनात काय होते हे मग कोर्टात सिद्ध करत बसावे लागते. म्हणून पहिला नियम सांगते, तो पदराला गाठ मारून ठेवा. उत्तरकार्य होईपर्यंत मृत्यूची नोंद आणि बँकेला कळवणे सोडून कोणत्याही कागदावर सही करायची नाही. वारस नोंदीला कायद्याने तीन महिन्यांची मुदत दिलेली आहे. बारा दिवसांत बुडून जाईल असे काही नसते.

मी वकील नाही. कबनूरला घर सांभाळून शाळेत अर्धवेळ शिकवते. शाळेत निरनिराळ्या दाखल्यांसाठी आया येतात, तेव्हा बोलता बोलता या गोष्टी निघतात. कोणाचे नाव उताऱ्यावर नाही, तर कोणाची सही कुठल्या कागदावर झाली हेच तिला माहीत नाही. त्यातले प्रत्येक संसारी बाईला ठाऊक असावे असे जे आहे, ते इथे सोपे करून मांडते आहे.

कुंकू राहिले, नावाचे काय?

आपल्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे हे आमच्या गावात बंद. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते वर्ष होते. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. कोल्हापूर संस्थानात महाराजांनी १९१७ साली विधवाविवाहाचा आणि १९१९ साली बायकांच्या छळाला आळा घालणारा कायदा केला होता. हेरवाडची वाट तिथूनच आलेली आहे.

कुंकू राहिले ही मोठीच गोष्ट झाली. पण कपाळावरच्या कुंकवाबरोबर घराच्या उताऱ्यावर नावही राहायला हवे, नाही का? नाहीतर चारचौघांत मान मिळेल आणि घरात मात्र चहापत्तीच्या पैशांसाठी हात पसरावा लागेल.

सांगलीच्या हिराबाईंचा दावा

विधवेचा वाटा म्हटला की कायद्याच्या पुस्तकांत आजही एक नाव पहिल्यांदा येते, आणि ते आपल्याच भागातले आहे. हिराबाई मगदूम. त्यांचे पती खंडाप्पा मगदूम १९६० साली वारले. मागे हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. मिळकत म्हणजे दोन घरे, जमीन, दोन दुकाने आणि काही चीजवस्तू. हिराबाईंनी सांगलीच्या दिवाणी कोर्टात दावा लावला, तो १९६३ च्या नोंदीचा. मागणी होती २४ पैकी ७ वाट्यांची. मोठ्या मुलाने म्हणणे मांडले, की मिळकत वडिलांनी स्वतः कमावलेली आहे, एकत्र कुटुंबाची नव्हेच.

आता हे ७/२४ आले कुठून? मुलांना अपूर्णांक शिकवताना सांगते तसेच सांगते. खंडाप्पा मरणाच्या आदल्या क्षणी वाटणी करून निघाले असते अशी कायदा कल्पना करतो. त्या वाटणीत नवरा, बायको आणि दोन मुलगे असे चार वाटे पडले असते. म्हणजे हिराबाईंचा स्वतःचा पाव हिस्सा, ६/२४. आता खंडाप्पांचा जो पाव हिस्सा उरला, त्याला वारस सहा: बायको, दोन मुलगे, तीन मुली. त्यातला हिराबाईंचा १/२४. एकूण ७/२४.

सांगलीच्या कोर्टाने १९६५ साली त्यांना फक्त तो शेवटचा १/२४ दिला. म्हणजे रुपयातले जेमतेम चार पैसे! हिराबाई वर गेल्या. १९७५ साली मुंबई उच्च न्यायालयाने पूर्ण ७/२४ दिले. मुलगा सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे २७ एप्रिल १९७८ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी हिराबाईंच्या बाजूने निकाल दिला. नवरा गेल्यापासून अठरा वर्षे गेली होती. तेव्हापासून देशभरातल्या कोर्टांत विधवेच्या वाट्याचा हिशेब या निकालाप्रमाणे होऊ लागला.

हिराबाईंना अठरा वर्षे लागली, आपल्याला तेवढी लागायचे कारण नाही. कायदा आता पुष्कळ स्पष्ट झाला आहे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सर्व मुलींना तो मिळाला, लग्न झालेल्यांनाही. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हा हक्क जन्माने आहे. २००५ साली वडील हयात होते की नव्हते हे पाहायचे नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या मोडत नाहीत.

हिराबाईंचे तेच घर आज असते तर? पहिल्या वाटणीत नवरा, बायको, दोन मुलगे, तीन मुली असे सात वाटे. नवऱ्याच्या सातव्या हिश्श्याचे पुन्हा सहा भाग. बेरीज करून पाहा: आई, मुलगे, मुली, प्रत्येकाला बरोबर सहावा हिस्सा. कोणी मोठे नाही, कोणी धाकटे नाही.

मिळकत नवऱ्याने स्वतः कमावलेली असेल आणि मृत्युपत्र केलेले नसेल, तर हिशेब आणखी सोपा. बायको, मुलगे, मुली आणि नवऱ्याची आई यांना सारखे वाटे. सासूबाईंचा वाटा असतो हे आपणही विसरू नये. सासरे मात्र या पहिल्या यादीत येत नाहीत, आणि दीरही येत नाहीत. जैन आणि लिंगायत घरांनाही हाच कायदा लागतो. पुढे पुनर्विवाह केला म्हणून पहिल्या नवऱ्याकडून वारसाने मिळालेला वाटा परत जात नाही.

मुस्लिम मैत्रिणींसाठी नियम निराळे आहेत. मुले असतील तर पत्नीला आठवा हिस्सा, नसतील तर चौथा. मुलीला मुलाच्या निम्मे. पण वाटणीच्या आधी राहिलेला मेहर कर्जासारखा फेडायचा असतो, तो मागायला संकोच करू नये. आणि मृत्युपत्राने परक्याला एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही.

हक्कसोडपत्र म्हणजे काय?

नावातच अर्थ आहे. "माझा हक्क मी सोडला," असे लिहून देणे. घर-जमिनीचे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवावे लागते. म्हणजे तुम्हाला "जरा हातकणंगल्याला जाऊन येऊ," असे म्हणून गाडीत बसवले, तिथे फोटो काढला, अंगठ्याचा ठसा घेतला, की समजा, हे तलाठ्याचे साधे काम नव्हे. नोंदलेले हक्कसोडपत्र रद्द करायचे तर दिवाणी दावा लावावा लागतो आणि फसवणूक झाली हे आपण सिद्ध करावे लागते.

म्हणून सही करण्याआधी एवढे करा. कागद घरी आणा. ज्याला वाचता येते अशा, पण घरातल्या वाटणीशी संबंध नसलेल्या माणसाकडून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून घ्या. गट नंबर, क्षेत्र, घर नंबर तपासा. कोऱ्या स्टॅम्पवर किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही नाही म्हणजे नाही. "विश्वास न्हाई व्हय आमच्यावर?" असे कोणी म्हणालेच तर शांतपणे सांगावे, "भावजी, विश्वास आहे म्हणूनच वाचून सही करते."

मुले लहान असतील तर आणखी एक गोष्ट. अज्ञान मुलाच्या वाट्याची जमीन किंवा घर आईलाही कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही की दुसऱ्याला देऊन टाकता येत नाही. सात-बारावर मुलाच्या नावापुढे 'अ. पा. क.' लिहून आईचे नाव लागते. ते अज्ञान पालनकर्ता म्हणून. मूल अठरा वर्षांचे झाले की अर्ज करून तो शेरा काढून घ्यावा.

आता नाण्याची दुसरी बाजू. आपण एका घरात वहिनी असतो आणि दुसऱ्या घरात नणंद. माहेरच्या हक्कसोडपत्रावर दिवाळीच्या साडीचोळीवर खूश होऊन सही करणाऱ्या कित्येकजणी आहेत. कोणाला खरोखर द्यायचे असेल तर जरूर द्यावे. भावाची परिस्थिती हलाखीची असेल तर बहिणीने सोडण्यात मोठेपणाच आहे. पण देताना आपण किती देतो हे कळून द्यावे. आणि भाऊ गेलेला असेल, तर आपली सही कोणाच्या नावे होते आहे, हेही बघावे. वहिनी आणि तिच्या मुलांच्या नावे, की धाकट्या भावाच्या नावे? "सगळ्या बहिणींनी सोडलं," म्हणता म्हणता विधवा वहिनीच एकटी पडते. ही चूक आपणच बायका बायकांशी करतो.

वारस नोंद आणि 'ए. कु. मॅ.'

मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करायची. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच घ्याव्यात. नाव आधारकार्डावर, सात-बारावर आणि दाखल्यावर एकसारखेच आहे ना, हे तिथल्या तिथे पाहावे. एका वेलांटीपायी पुढे दहा खेपा होतात.

मग तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण आपण गावात अजून तलाठीच म्हणतो. अर्जाबरोबर सगळ्या वारसांची नावे लिहिलेले प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. खरी मेख इथे असते. त्या यादीत तुमचे नाव आहे का, मुलींची नावे आहेत का, हे स्वतः वाचा. नोंद फेरफार वहीत येते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी ती मंजूर करतो. तुमचे नाव गाळले असेल तर त्या पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. नोंद मंजूर झालीच तर साठ दिवसांत प्रांतांकडे अपील करता येते. आपल्या भागाची प्रांत कचेरी इचलकरंजीतच आहे.

जुन्या सात-बारांवर थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए. कु. मॅ.' अशी अक्षरे दिसतात. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन सगळ्यांची, नाव एकाचे. बाकीच्यांची नावे त्याच्या मागे झाकलेली राहतात. ती उघड करून घेण्यासाठी अर्ज करता येतो. मयतांची नावे काढून वारसांची लावायची 'जिवंत सात-बारा' मोहीम सरकारने २०२५ साली राज्यभर काढली होती. आपल्या घरचे काम त्यात राहिले असेल तर आता तरी विचारा. उतारा मोबाईलवरही बघता येतो. दहावीतल्या मुलाला सांगितले की तो दोन मिनिटांत काढून देतो.

एक गैरसमज मात्र काढून टाकते. सात-बारावर नाव नाही म्हणजे हक्क नाही, असे नव्हे. आणि नाव आहे म्हणजे मालकी पक्की, असेही नव्हे. महसुलाची नोंद ही सारा वसुलीसाठी असते. मालकीचा वाद दिवाणी कोर्टात ठरतो. ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, म्हणजे नमुना ८, हाही घरपट्टीचाच कागद आहे. तरीपण नाव असले की आपल्याला वगळून व्यवहार करणे अवघड जाते. म्हणून ते लावायचे.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

"बँकेत माझंच नाव लावलंय, मला काय काळजी!" असे पुष्कळजणी म्हणतात. ज्यांचे कालनिर्णय आपल्या प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात लटकत असते, ते जयंत साळगावकर २०१३ साली गेले. त्यांच्या गुंतवणुकीवरून झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि डिसेंबर २०२३ मध्ये निकाल लागला, की नॉमिनी म्हणून नाव असले तरी ती व्यक्ती मालक होत नाही. पैसा तिच्या हाती येतो, पण तो शेवटी वारसांचा किंवा मृत्युपत्रात लिहिले असेल त्यांचा. बँकेची ठेव, पतसंस्थेची ठेव, साखर कारखान्याचा किंवा सूतगिरणीचा शेअर यांत नॉमिनीचा उपयोग एवढाच, की पैसा अडकून न पडता लवकर मिळतो. विम्याच्या कायद्यात २०१५ पासून पत्नी, मुले, आईवडील यांच्यासाठी वेगळे कलम आहे, पण त्याच्या अर्थावरूनही वाद होतात.

तरी नॉमिनी लावायचेच. मिस्टरांच्या जुन्या खात्यावर आणि प्रॉव्हिडंट फंडावर लग्नाआधी लावलेले नाव अजून तसेच असेल, तर बदलून घ्या. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात.

"घर माझ्या नावावर आहे, नीघ!"

घर सासऱ्यांच्या किंवा दिरांच्या नावावर असले, तरी नांदत्या सुनेला किंवा विधवेला हाताला धरून बाहेर काढता येत नाही. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००६ च्या ऑक्टोबरपासून लागू झाला. त्यात ज्या घरात बाई संसाराला राहिली, त्या घरात राहण्याचा हक्क तिला दिला आहे. सासऱ्यांच्या मालकीच्या घरालाही हे लागू होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले आणि २०२२ साली विधवेचाही हा हक्क मान्य केला. हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नव्हे. पण डोक्यावरचे छप्पर टिकवायला तो पुरतो.

दोघे आहोत तोवर

खरे म्हणजे हे सगळे नवरा-बायको दोघे असतानाच निवांत बसून करायचे काम आहे. बोलणे अवघड जाते, हे मान्य. "माझ्या मरणावर टपलीयस काय?" असे उत्तर येईल की काय, अशी धास्ती वाटते. अशा वेळी मुलांच्या निमित्ताने विषय काढावा. मुलांसाठी म्हटले की माणूस ऐकतो.

लग्नाची नोंद झाली नसेल तर आधी ती करा. आपल्या राज्याचा कायदा १९९८ चा आहे. नोंद नव्वद दिवसांत करायची असते, पण उशिरानेही शुल्क भरून होते. बायको म्हणून हक्क सांगताना हा कागद पहिला विचारला जातो.

घराच्या उताऱ्यावर दोघांची नावे लावून घ्या. १९९२ साली सरकारने लक्ष्मीमुक्तीचे परिपत्रक काढून शेतजमिनीवर नवऱ्याबरोबर बायकोचे नाव लावायची सोय केली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ती चळवळ गावोगाव नेली होती. आज नवऱ्याने राहते घर किंवा शेतजमीन बायकोला बक्षीसपत्राने दिली, तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च तेवढा वेगळा विचारावा. नवे घर बाईच्या एकटीच्या नावे घेतले, तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते.

आणि मृत्युपत्र. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्तीही नाही. केली तर बरे. साध्या कागदावर स्वच्छ लिहून दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि त्यांच्या सह्या घ्यायच्या. ज्यांना त्यात काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. हे फक्त मिस्टरांनी करायचे असे नाही, बरे का. आपल्या नावावर दागिने, ठेवी, प्लॉट असेल तर आपणही करायचे. बाई मृत्युपत्र न करता गेली आणि नवरा-मुले नसली, तर तिने कमावलेले आधी सासरच्या वारसांकडे जाते, तिच्या आईकडे नव्हे. म्हाताऱ्या आईला आपणच सांभाळत असू, तर हे लिहून ठेवायलाच हवे.

वकिलाला पैसे नसतील तर

१९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, आणि त्यासाठी तिचे उत्पन्न पाहत नाहीत. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीची चौकशी करा किंवा १५१०० या नंबरवर फोन करा. हिराबाईंचा दावा मुंबईला गेला होता. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते आहे. म्हणजे अपिलाचे काम निघालेच, तर आता एस. टी. ने सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परत येता येते.

कपाटातली फाईल

हा अंक मिटण्यापूर्वी एक जुनी फाईल काढा आणि तीत एवढे कागद जमवा. लग्नाचा दाखला. दोघांची आधारकार्डे. घराचा नमुना ८ किंवा प्रॉपर्टी कार्ड. जमीन असेल तर सात-बारा, ८-अ आणि जुने फेरफार. खरेदीखताची प्रत. बँक, पतसंस्था, पोस्ट यांच्या ठेवींची यादी आणि प्रत्येकीचा नॉमिनी. विम्याच्या पॉलिसी. शेअरची सर्टिफिकेटे. मिस्टर कोणाला जामीन राहिले असतील तर त्याची नोंद, आणि आपण कुठे जामीनदार म्हणून सही केली असेल तर तीही. घेणेकऱ्याला आपले नाव बरोबर सापडते!

फाईल कुठे ठेवली हे घरातल्या एका जाणत्या मुलाला किंवा मुलीला सांगून ठेवा. पापड-कुरडयांचे डबे आपण वर्षातून एकदा उन्हात ठेवतो, तशी ही फाईलही वर्षातून एकदा उघडून पाहावी. दिवाळीच्या आवराआवरीत एक दुपार पुरते.